आता कोणासाठी शिवायचे?



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या शिवणवर्गाच्या काही भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. "फादर, हातातले काम संपत आले. आता पुढचे कोणते घ्यायचे, ते तुम्हीच सांगा." प्रश्न साधा असला तरी विचारणाऱ्यांचे चेहरे साधे नव्हते. वर्गात मशिनी चार, शिवणाऱ्या बारा आणि मते तीन. काही जणींचे म्हणणे, जानेवारीत चर्चचा सण आहे, तेव्हा वेदीसाठी नवे भरतकाम केलेले कापड आणि धर्मगुरूंसाठी नवी उपासना-वस्त्रे शिवावीत. काहींना वाटत होते, गेल्या वर्षीसारखे नाताळाला गरीब मुलींसाठी फ्रॉक शिवावेत. दोघी-तिघींचा आग्रह होता की, जुन्या साड्यांची दुपटी, झबली आणि टोपडी करून डोंगरातल्या पाड्यांवरील बाळंतिणींना द्यावीत. बोलता बोलता शब्दाला शब्द वाढला होता. दोन भगिनी तर दोन आठवडे वर्गाला फिरकल्या नव्हत्या.

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण खरे सांगायचे तर आमच्या मनात एक उत्तर तयार होते आणि ते आमच्या सोयीचे होते. सणाच्या दिवशी नवे वस्त्र घालून वेदीपाशी उभे राहायला कोणत्या धर्मगुरूला आवडणार नाही? पण आमच्या कपाटात हिरवी, पांढरी, जांभळी, लाल अशी सगळी वस्त्रे धड स्थितीत टांगलेली आहेत, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून आम्ही म्हटले, "बुधवारी वर्गात येतो. आधी तुमचे कपाट उघडून पाहू."

तुम्ही म्हणाल, शिवणवर्गाने फ्रॉक शिवावा की दुपटे, हा काय रविवारच्या प्रवचनाचा विषय झाला? बंधुभगिनींनो, हा प्रश्न फक्त शिवणवर्गाचा नाही. एक काम संपते आणि दुसरे हाती घ्यायचे असते, तेव्हा आपण सगळेच या वळणावर उभे असतो. घर वाढवायचे की मुलीचे शिक्षण आधी? म्हाताऱ्या वडिलांना वेळ द्यायचा की समितीचे नवे पद घ्यायचे? हात दोन आणि दिवस चोवीस तासांचा. एकाला हो म्हटले की, दुसऱ्याला नाही म्हणावे लागते. ते हो आणि नाही आपण कशाच्या आधारे म्हणतो, यावर आपली श्रद्धा कळते.

कपाटात काय निघाले?

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो (लूक १४:२८-३०). असा माणूस आधी बसतो, खर्चाचा अंदाज घेतो, तो आपल्याला झेपेल का ते पाहतो. तसे न करता पाया घालून मोकळा झाला, तर पुढे अर्धवट बुरूज पाहून येणारे-जाणारे हसतात. प्रभू इथे बांधकामाचा हिशोब शिकवत नाही. त्याच्यामागून चालू पाहणाऱ्या मोठ्या जमावाला तो विचारतो आहे की, तुम्ही काय हाती घेत आहात, याचा तुम्ही विचार केला आहे का? शिष्यपण हे हौसेने सुरू करून कंटाळा आला की कपाटात ठेवून देण्याचे काम नाही.

बुधवारी आम्ही ते कपाट उघडले. वरच्या खणात उपवासकाळासाठी घेतलेले जांभळे कापड, त्यावर अर्धा क्रूस भरलेला आणि सुई तशीच टोचून ठेवलेली, गंजलेली. त्याखाली कापून ठेवलेले सात फ्रॉक, गळे नाहीत, बाह्या नाहीत. मग वेदीचे एक पांढरे सुती कापड. ते गेल्या पास्काच्या सणासाठी घेतले होते. तीन बाजूंना सुंदर बारीक हेम घातलेली, चौथी बाजू उघडी, तिचे दोरे सुटू लागलेले. आणि तळाशी पिशव्याच पिशव्या, तुकड्यांनी भरलेल्या. एका मावशींनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "फादर, आमचे म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या!" सगळ्या हसल्या. मग एकदम शांत झाल्या.

अर्धा बुरूज भर रस्त्यावर उभा असतो, म्हणून लोक हसतात. अर्धे शिवण कपाटात असते, म्हणून कोणी हसत नाही. आपल्यापैकी कोणाच्या मनात असे कपाट नाही? सुरू करून सोडलेली रोजची रोझरी, भावाशी बोलायचे ठरवून न केलेला फोन, आजारी शेजाऱ्याला 'उद्या येतो' म्हणून दिलेला शब्द. नवे काम निवडताना आपल्याला उत्साह वाटतो, कारण नव्या कापडाला अजून एकही चूक लागलेली नसते. म्हणून पहिला प्रश्न हा की, आधी घेतलेल्यातले पुरे करण्याजोगे काय आहे?

माप कोणाचे घेतले?

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे आणि तो आम्हाला एका शिष्येने शिकवला. प्रेषितांच्या कृत्यांत यापो या बंदराच्या गावी राहणाऱ्या तबिथाची हकिकत आहे (प्रे. कृत्ये ९:३६-४२). ग्रीक भाषेत तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ हरिणी. नव्या कराराच्या मूळ ग्रीक ग्रंथात 'शिष्या' हा स्त्रीलिंगी शब्द एकदाच येतो आणि तो हिच्यासाठी. तिने कुठे उपदेश केल्याचे सांगितलेले नाही. ती शिवत होती आणि दानधर्म करत होती. ती आजारी पडून वारली, तेव्हा गावातल्यांनी जवळच्या लोद गावाहून पेत्राला बोलावून आणले. माडीवरच्या खोलीत विधवा रडत उभ्या होत्या. त्यांनी पेत्राला काय दाखवले? तबिथा त्यांच्यात असताना तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे.

इथे क्षणभर थांबून विचार करा. ते कपडे कोणा अनोळखी गरिबांसाठी गठ्ठ्याने पाठवलेले नव्हते. ती त्या बायकांमध्ये राहत होती. कोणाचा खांदा उतरता, कोणाची पाठ वाकलेली, कोणाला थंडी सोसत नाही, हे तिला माहीत असणार. शिंप्याच्या कामात एक गोष्ट टाळता येत नाही. माप घ्यायचे तर माणसाच्या जवळ उभे राहावे लागते. लांबून माप घेता येत नाही.

आम्ही हे का सांगतो आहोत? गेल्या वर्षी नाताळाच्या आधी आपण चाळीस फ्रॉक शिवले होते. गुलाबी साटिनचे, लेस लावलेले. आपण सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले, वेदीसमोर मांडून आशीर्वादही दिला. मग ते घेऊन आपण मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावर गेलो. डिसेंबरची सकाळ, डोंगरातला गारठा. मुली खूश झाल्या, यात शंका नाही. पण एक आई आपल्या लेकीच्या अंगावर फ्रॉक धरून पाहत होती. ती हळूच म्हणाली, "बाई, हातवाला असता तर..." फ्रॉक बिनबाह्यांचे होते. आपण थंडीच्या दिवसांत, थंडीच्या जागी, बिनबाह्यांचे साटिन घेऊन गेलो होतो. कारण आपल्यापैकी एकानेही आधी जाऊन विचारले नव्हते. तो फ्रॉक आपल्या डोळ्यांना सुंदर दिसत होता आणि तेवढ्यावर आपण ठरवले होते.

हा दोष शिवणाऱ्या हातांचा नाही. त्यांनी रात्री जागून टाका न टाका नीट घातला होता. तो दोष आपल्या सगळ्यांचा आहे, आणि आधी आमचा, कारण आशीर्वाद देताना आम्हीही विचारले नाही.

जुन्या करारातली हन्ना आठवा. तिने नवसाने मिळालेला मुलगा शमुवेल मंदिराच्या सेवेला दिला आणि दरवर्षी ती यज्ञासाठी जाताना त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे (१ शमुवेल २:१९). वर्षातून एकदा भेट. मुलगा तर वाढता. प्रत्येक झगा आधीच्यापेक्षा थोडा मोठा बेतावा लागला असणार. कापड कापताना तिच्या डोळ्यांपुढे मुलगा उभा राहिला असेल, आता इतका उंच झाला असेल, खांदे इतके रुंद झाले असतील. मुलगा लांब होता, तरी तिने मापाचा विचार सोडला नाही. प्रेम असले की, माणूस लांबूनही जवळ उभा राहतो. आपल्या दानाला ते जमले पाहिजे.

म्हणून दुसरा प्रश्न: हे कोणासाठी आहे, आणि त्याला काय हवे, हे आपण त्याला विचारले आहे का? 'काय शिवायचे?' हा प्रश्न या प्रश्नानंतर यावा.

वेदी की पाडा?

आता वर्गातला खरा वाद. काही जणी म्हणाल्या, "गरिबांना द्यायचे ते देऊच, पण देवाच्या वेदीला जुने कापड कसे चालेल?" दुसऱ्या म्हणाल्या, "देवाला कापड कशाला? उघड्यांना द्या." दोघींच्या म्हणण्यात खरेपणा आहे. आणि दोघींच्या म्हणण्यात एक मोहही आहे.

येत्या १३ सप्टेंबरला ख्रिस्तसभा संत जॉन ख्रिसोस्तोम यांचा स्मृतिदिन पाळते. चौथ्या शतकात अंत्युखिया शहरात मत्तयच्या शुभवर्तमानावर प्रवचने देताना त्यांनी लोकांना अगदी हाच प्रश्न केला होता. मंदिरात ख्रिस्ताच्या देहाला रेशमी वस्त्रांचा मान द्यायचा आणि बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या, उघड्या ख्रिस्ताकडे पाठ फिरवायची, हे त्यांना मान्य नव्हते. पण वेदी सजवूच नका, असेही ते म्हणाले नाहीत. आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरल्यातून वेदी सजवा, असा त्यांचा क्रम होता.

दुसरीकडे बेथानी गावात मरियेने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या पायांना लावले, तेव्हा ते विकून गरिबांना का दिले नाही, असा आक्षेप यहूदाने घेतला (योहान १२:१-८). योहान लिहितो की, त्याला गरिबांची कळकळ नव्हती. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली. तेव्हा गरिबांचे नाव पुढे करून वेदीला नाही म्हणणे सोपे आहे आणि वेदीचे नाव पुढे करून गरिबांना नाही म्हणणेही तितकेच सोपे आहे. दोन्हीकडे आपण स्वतःचीच हौस पुरवत असू, तर आपण देवाचेही काम करत नाही आणि गरिबांचेही नाही.

आणि खरोखर ही दोन कामे एकमेकांविरुद्ध आहेत का? वेदीवर आपण पांढरे कापड का अंथरतो? त्यावर प्रभूचे शरीर येते म्हणून. ते शरीर पहिल्यांदा या जगात आले, तेव्हा त्याच्या आईने त्याला बाळंत्यात गुंडाळले (लूक २:७). ते क्रूसावरून उतरवले, तेव्हा अरिमथाईच्या योसेफाने तागाचे कापड विकत आणून त्यात गुंडाळले (मार्क १५:४६). बाळंते, कफन आणि वेदीचे कापड, तिन्ही एकाच देहासाठी आहेत. आणि तोच प्रभू सांगतो की, उघड्याला वस्त्र दिले ते मला दिले (मत्तय २५:३६-४०). मग पाड्यावरच्या तान्ह्या बाळाचे दुपटे हे त्याच कापडातले चौथे नाही का?

मोशेच्या काळी दर्शनमंडपासाठी लोकांनी इतके दान आणले, बायकांनी इतके सूत कातून दिले की, कारागीर म्हणाले, हे गरजेपेक्षा जास्त झाले. मग मोशेने छावणीत दवंडी पिटवून लोकांना थांबवले (निर्गम ३६:३-७). देवाच्या मंदिरालाही 'आता पुरे' असते. आमच्या कपाटातल्या उपासना-वस्त्रांकडे पाहून आम्ही तेच म्हटले, "आता पुरे."

काय ठरले?

निर्णय आम्ही दिला नाही. भगिनींनी तो घेतला आणि त्यांच्या परवानगीने आम्ही तो येथे सांगतो आहोत.

आधी वेदीचे ते पांढरे कापड पुरे करायचे. नवे आणायचे नाही. एकच बाजू उरली आहे, ती सोडायची नाही. जे सात फ्रॉक कापून ठेवले आहेत त्यांना पूर्ण बाह्या लावायच्या आणि तेवढेच द्यायचे. त्यानंतर दुपट्यांचे काम. पण ते सुरू करण्याआधी आपल्यातल्या दोघी पाड्यावर जाऊन आल्या. तिथल्या आशा सेविकेला आणि तीन बाळंतिणींना भेटल्या. कळले ते असे की, दुपटी हवीत, पण त्याहून जास्त हवीत ती पुढून उघडणारी, बांधायच्या बंदांची लांब बाह्यांची झबली आणि कानांवर येणारी टोपडी. थंडी आहे ना!

मग खर्चाचा अंदाज. साडेपाच मीटरच्या एका सुती साडीतून एकेरी दुपटी पाच निघतात. दुपदरी केली तर दोन, आणि उरलेल्या तुकड्यात दोन-तीन टोपडी. नाताळाला साधारण पंधरा आठवडे आहेत. वर्ग आठवड्यातून दोनदा भरतो. हिशोब मांडल्यावर कोणीतरी 'शंभर संच करू' म्हणाले होते, ते आकडे खाली आले. तीस संच ठरले. अंथरूण पाहून पाय पसरलेले बरे. तीस पुरे झाले आणि वेळ उरला, तर एकतिसावा करता येईल. शंभर धरून चाळीस अर्धे राहिले, तर ते पुन्हा त्याच कपाटात जातील.

त्या बुधवारी आणखी एक गोष्ट घडली. वर्गाला न येणाऱ्या त्या दोघी भगिनी आल्या होत्या. वेदीचे कापड लांब, उघडी बाजू एकच. एकीने या टोकाकडून हेम घालायला घेतली, दुसरीने त्या टोकाकडून. सुरुवातीला दोघी खाली मान घालून शिवत होत्या. हेम मध्यावर येईपर्यंत त्यांचे बोलणे सुरू झाले होते. पुढच्या रविवारी ते कापड वेदीवर असेल. मध्यावर टाके किंचित वेगळे दिसतील. ते उसवू नका, असे आम्हीच सांगितले.

झबल्याबद्दल एका आजींनी आम्हाला एक गोष्ट दाखवली. ती आम्हाला ठाऊक नव्हती. त्या म्हणाल्या, "फादर, तान्ह्याचे झबले उलटे शिवतात. शिवणीची खरखरीत बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे बाळाच्या अंगाला बोचत नाही. दिसायला बाहेरून बरे दिसत नाही, पण ते बाळासाठी असते, बघणाऱ्यांसाठी नसते." तीस वर्षे प्रवचने देऊन आम्हाला सेवेचा जो अर्थ इतक्या सोप्या शब्दांत सांगता आला नसता, तो त्यांनी सुईत दोरा ओवता ओवता सांगितला. टोचणारी बाजू आपल्याकडे, मऊ बाजू दुसऱ्याकडे. फ्रॉकला आपण लेस बाहेरून लावली होती आणि बाह्या विसरलो होतो.

बंधुभगिनींनो, हे काम फक्त बारा भगिनींचे नाही. तुमच्या घरी आई-आजीची जुनी मऊ सुती साडी किंवा लुगडे ठेवणीत असेल, तर धुऊन, उन्हात वाळवून शिवणवर्गात आणून द्या. फाटलेले, डागाळलेले नको. आपल्या अंगाला नको ते बाळाच्या अंगाला कसे चालेल? कोरे कापड देणार असाल तर आधी भिजवून द्या. कोरे कापड आटते आणि मग शिवण ओढली जाते, हे प्रभूलाही माहीत होते (मार्क २:२१). पुरुषांनी बाजूला राहू नये. दोन मशिनींचे पट्टे सैल झाले आहेत, ज्यांना दुरुस्ती येते त्यांनी यावे. शिंप्यांचे आश्रयदाते मानले जाणारे संत होमोबोनस हे इटलीतल्या क्रेमोना शहरातले संसारी गृहस्थ आणि कापडाचे व्यापारी होते. ११९७ साली ते वारले आणि ११९९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. ना धर्मगुरू, ना संन्यासी. प्रामाणिक धंदा आणि गरिबांसाठी उघडा हात, एवढीच त्यांची वाट होती. ती आपल्यालाही मोकळी आहे.

आणि ज्यांना सुईत दोराही ओवता येत नाही, त्यांनीही या आठवड्यात एक गोष्ट करावी. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आपल्या मनाचे कपाट उघडावे. काय अर्धे राहिले आहे ते पाहावे. त्यातले एक काम, जे कोणा माणसाची वाट पाहायला लावत आहे, ते आधी बाहेर काढावे. नव्याची हौस नंतर.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, तुला तुझ्या आईने बाळंत्यात गुंडाळले आणि तुझ्या मित्राने कफनात. आमच्या हातांना आज कोणाला पांघरूण घालायचे आहे, ते आम्हाला दाखव. आम्ही सुरू केलेले पुरे करण्याचा धीर दे. ज्यांच्यासाठी आम्ही काम करतो त्यांच्या जवळ उभे राहण्याची नम्रता दे. आणि टोचणारी बाजू आमच्याकडे ठेवण्याचे प्रेम दे. पवित्र मरिये, ८ सप्टेंबरला आम्ही तुझा जन्मोत्सव साजरा करतो. पाड्यांवर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळासाठी आणि त्यांच्या मातांसाठी विनंती कर. आमेन.